कामावर गेलेल्यांची नावे

१४ एप्रिलला महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते. त्याच दिवशी भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात, आणखी एक कार्यक्रम होतो. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले दलाचे ६६ जण ठार झाले. त्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहतात, मानवंदना देतात आणि त्याच दिवसापासून देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. काम करताना मेलेल्या माणसांची सरकारी आठवण कशी असावी, याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला नमुना मला हाच वाटतो. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, आकडा पक्का. आणि आठवणीला जोडून आठवडाभर शाळा-सोसायट्यांतून आगीपासून बचावाचे शिक्षण.

पण त्याच दुपारी त्याच गोदीत इतरही माणसे मेली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या. आग कापसाला लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा, त्याहून मोठा. एकूण मृत ८०० ते १,३०० असावेत असे सांगितले जाते. अग्निशमन दलाचा आकडा एककापर्यंत नेमका आणि बाकीच्यांचा पाचशेंच्या फरकाने! या फरकात गोदीतले हमाल आहेत, खलाशी आहेत, वखारींतले मजूर आणि गाडीवान आहेत, शेजारच्या वस्तीतली बायकामुले आहेत. दलाच्या जवानाचे नाव हजेरीपटावर होते. टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर आलेल्या हमालाचे नाव कोठेच नव्हते. महायुद्धाचा काळ होता, बातम्यांवर सरकारी बंधने होती. पण मोजणी अडली ती तेवढ्याने नव्हे. जिवंतपणी ज्याची नोंद नाही त्याला मेल्यावर मोजायचे कोठून?

कामगारांच्या सरकारी स्मरणाचा सगळा प्रश्न मला या दोन आकड्यांत दिसतो. स्मारक, मौन, पुष्पचक्र या गोष्टी पुढच्या. आधी नाव लिहिले जाते की नाही, आणि नावापुढे मरणाचे कारण लिहिले जाते की नाही, यावर बाकी सगळे अवलंबून आहे. जगात जेथे हे झाले तेथे त्या आठवणीने कायदे बदलले. जेथे झाले नाही तेथे स्मारक असूनही काही हलले नाही.

जगभर या स्मरणाची तारीख २८ एप्रिल आहे. ती कॅनडातून आली. तिथल्या सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या संघटनेने १९८४ साली कामावर मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांसाठी एक दिवस असावा असे ठरवले आणि देशाच्या कामगार महासंघाने तो उचलून धरला. २८ एप्रिल निवडण्यामागे कारण होते. १९१४ साली याच दिवशी ओंटारिओ प्रांताच्या विधिमंडळाने कामगार नुकसानभरपाईच्या विधेयकाचे तिसरे वाचन पूर्ण केले होते. त्या कायद्यातला सौदा आजही कॅनडातल्या नुकसानभरपाई कायद्यांचा पाया आहे: कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही, आणि त्या बदल्यात चूक कोणाची हे न पाहता त्याला पैसे मिळायचे. कॅनडाच्या संसदेने १९९१ साली कायदा करून हा दिवस राष्ट्रीय दुखवट्याचा ठरवला. त्या दिवशी ओटावात संसदेवरचा झेंडा अर्ध्यावर उतरतो. अमेरिकेतील कामगार महासंघाने १९८९ पासून हीच तारीख धरली, कारण तिथला कामगार सुरक्षा कायदा १९७१ साली २८ एप्रिललाच अमलात आला होता. ब्रिटनच्या सरकारने २०१० मध्ये या दिवसाला मान्यता दिली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ २००३ पासून हाच दिवस पाळते. मात्र ‘कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य’ या नावाने. या बदलाकडे मी थोड्या काळजीने पाहतो. आयएलओच्या कार्यकारिणीत सरकारे, मालक आणि कामगार तिघेही बसतात. तिघांना पटेल असा विषय म्हणजे सुरक्षा. सुरक्षेची चर्चा व्हायलाच हवी. पण दुखवट्यात मेलेला माणूस मध्यभागी असतो आणि त्याचे घरचे बोलतात. सुरक्षा दिनात अधिकारी बोलतात. जेथे दोन्ही एकाच दिवशी होतात तेथे अधिकाऱ्याला मेलेल्याच्या बायकोसमोर बोलावे लागते, आणि तेच मला योग्य वाटते.

कॅनडाचेच आणखी एक उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. नोव्हा स्कोशिया प्रांतात वेस्टरे नावाची कोळशाची खाण होती. ९ मे १९९२ च्या पहाटे मिथेन आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन २६ जण गेले. त्यातल्या ११ जणांचे देह आजही त्या खाणीतच आहेत. वायू साचतो आहे, धूळ साचते आहे, हे कामगारांना आणि निरीक्षकांनाही आधीपासून माहीत होते. चौकशी झाली, अहवालाने ही दुर्घटना टाळता आली असती असे स्पष्ट लिहिले, पण व्यवस्थापकांवरचे फौजदारी खटले शेवटी सोडून द्यावे लागले. नातेवाईक आणि खाणकामगारांची संघटना मात्र दरवर्षी जमत राहिली. संसदेच्या दारात जात राहिली. २००४ मध्ये कॅनडाच्या फौजदारी कायद्यात बदल झाला आणि कामगाराच्या सुरक्षिततेची काळजी न घेणे हा संस्थेचा आणि काम करवून घेणाऱ्याचा फौजदारी गुन्हा ठरू शकेल अशी तरतूद आली. लोक त्याला वेस्टरे कायदाच म्हणतात. बारा वर्षे नावे पुसू दिली नाहीत म्हणून तो आला.

टोरांटोच्या सिमको पार्कमध्ये २००० साली उभारलेले स्मारक मला याच कारणाने आवडते. विसाव्या शतकाच्या शंभर वर्षांसाठी तेथे शंभर पट्ट्या आहेत. प्रत्येक वर्षी कामावर मेलेल्या एकेका कामगाराचे नाव, साल आणि मृत्यूचे कारण एकेका पट्टीवर. पुतळा उभा केला की तो सगळ्यांचा होतो आणि कोणाचाच राहत नाही. येथे वाचणाऱ्याला शंभर वेगवेगळी मरणे वाचावी लागतात.

परमुलखात कामाला गेलेल्यांची आठवण ठेवणारा देश म्हणजे इटली. महायुद्धानंतर १९४६ मध्ये इटली आणि बेल्जियम यांच्यात करार झाला: इटलीने मजूर पाठवायचे, बेल्जियमने कोळसा द्यायचा. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील बोआ द्यु काझिए खाणीत आग लागून २६२ जण मेले. त्यांतले १३६ इटालियन होते. इटलीने २००१ पासून ८ ऑगस्ट हा परदेशांत राबलेल्या आपल्या कामगारांच्या बलिदानाचा राष्ट्रीय दिवस केला. ती खाण आता संग्रहालय आहे आणि जागतिक वारशाच्या यादीत आहे. आखाती देशांत मेलेल्या भारतीय मजुरांच्या पेट्या विमानतळावर उतरतात तेव्हा मला इटलीच्या या दिवसाची आठवण होते. माणसे पाठवून पैसा मिळवणारा देश म्हणून आपणही त्याच रांगेत आहोत, पण आपल्याकडे अशी तारीख नाही.

तैवानमधल्या काऊशुंग शहराची गोष्ट त्याहून वेगळी. ३ सप्टेंबर १९७३ ला चीजिन बेटावरून निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यांकडे निघालेली होडी उलटली. होडीत क्षमतेच्या कितीतरी पट माणसे होती. २५ मुली बुडाल्या, सगळ्या अविवाहित. अविवाहित मुलीला घराण्याच्या पूर्वजांत जागा नसते अशी तिथली रूढी, म्हणून त्यांना एकत्र पुरले आणि त्या जागेला ‘पंचवीस कुमारिकांची समाधी’ म्हणू लागले. लोक तेथून जाताना घाबरायचे. स्त्रियांच्या संघटनांनी अनेक वर्षे मागणी लावून धरली की या मुली कामावर जाताना मेल्या, त्या कामगार होत्या, तसेच त्यांना ओळखले जावे. २००८ मध्ये शहराने ती जागा ‘श्रमिक स्त्रियांचे स्मृतिउद्यान’ केली. येथे आठवण पहिल्यापासून होती. त्या कोण म्हणून गेल्या, ते नव्याने लिहावे लागले.

न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग २५ मार्च १९११ ची. १४६ जीव गेले, बहुतेक विशी-पंचविशीच्या आतल्या ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली. एका बाजूचे दार कुलूपबंद होते, म्हणून कित्येकींनी नवव्या मजल्यावरून उड्या टाकल्या. मालक निर्दोष सुटले. पण राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आग, दारे, जिने, कामाचे तास यांवर अनेक कायदे झाले. २००४ पासून दर २५ मार्चला काही माणसे खडू घेऊन शहरभर फिरतात; ज्या घरात ती मुलगी राहत होती त्या घरासमोरच्या फरशीवर तिचे नाव, वय आणि ती कशाने गेली ते लिहितात. सहा जणांची ओळख शंभर वर्षे पटली नव्हती. जुनी वर्तमानपत्रे आणि नोंदी चाळून एका अभ्यासकाने २०११ पर्यंत त्या सहाही जणांची नावे शोधून काढली. त्याच इमारतीवर कायमचे स्मारक मात्र २०२३ मध्ये झाले.

वेल्समध्ये सेंगेनिद खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला ४३९ खाणकामगार आणि सुटकेला गेलेला एक जण मेला. खटल्यात व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड. बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, तेथे वेल्सचे राष्ट्रीय खाण स्मारक उभे राहिले आणि त्यात इतर खाणींच्या दुर्घटनाही कोरल्या. शेजारच्या बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक शिवणकामगार मेले, २४ एप्रिल २०१३ ला. सावर येथे त्या जागेसमोर हातोडा-विळा धरलेल्या मुठी उभ्या आहेत, पण त्या कामगार गटांनी उभारल्या.

आता आपल्या देशाकडे येऊ. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृती दिन. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मेले, त्यांच्या आठवणीचा. दिल्लीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे २०१८ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मेलेल्या ३४,८४४ पोलिसांची नावे होती. ११ सप्टेंबर वनशहिदांचा. १४ एप्रिल अग्निशमन दलाचा. या सगळ्या आठवणी रास्त आहेत आणि त्यातली एकही कमी व्हावी असे मी म्हणणार नाही. ३४,८४४ नावे गोळा करता येतात, राज्याराज्यांतून तपासून भिंतीवर कोरता येतात, हे या देशाने दाखवून दिले आहे. म्हणूनच विचारायला हवे की बॉयलरपाशी, खाणीत, परांचीवर, गटारात, विजेच्या खांबावर मेलेल्यांची एक भिंत का नाही.

त्यांच्यासाठी आपल्याकडे आहे तो ४ मार्च. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, आणि १९७२ पासून ती तारीख राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळली जाते. कारखान्यांत झेंडा चढतो, कामगार छातीवर बिल्ला लावतात, सुरक्षेची शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. सुरक्षा अधिकारी मनापासून राबतात. त्या आठवड्यात सांगितलेल्या गोष्टींनी कोणाचा तरी हात वाचत असेल. पण हा एका संस्थेच्या स्थापनेचा दिवस आहे. त्यात मेलेला कोणी नाही. कारखान्याच्या फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. शेवटचा अपघात ज्याला झाला त्याचे नाव त्या फलकावर नसते. आणि अशा दिवसांच्या मोजणीवर बक्षीस लावले की किरकोळ अपघात दडवण्याकडे कल वाढतो, हे कारखान्यात काम केलेला कोणीही सांगेल.

महाराष्ट्रात कामाच्या मोठमोठ्या खुणा आहेत आणि त्या कामावर मेलेल्यांच्या फार थोड्या. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. १८६१ मध्ये त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. कडे फोडताना, सुरुंगांनी, दरीत पडून, आणि सर्वांत जास्त पटकी आणि तापाने माणसे मेली. ती २५ हजारांच्या घरात असावीत असा अंदाज सांगितला जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करवून घेतले, हे इतिहासात नोंदलेले आहे आणि नोंदवण्यासारखेच आहे. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव आज आपण सांगू शकत नाही. पुण्याला जाताना त्या बोगद्यांतून रोज हजारो माणसे जातात.

कोकण रेल्वेने थोडे वेगळे केले. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यासारख्या ठिकाणी मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, माणसे दबून मेली, काम वर्षानुवर्षे अडले. तो बोगदा पुरा झाल्यावरच १९९८ मध्ये सगळा मार्ग सुरू झाला. या बांधकामात मेलेल्यांसाठी रत्नागिरी स्थानकावर श्रमशक्ती स्मारक आहे. सरकारी महामंडळाने आपल्या कामात मेलेल्या मजुरांना आपल्याच स्थानकावर जागा द्यावी, ही गोष्ट आपल्याकडे विरळ. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी गाडीतून उतरल्यावर तेथे दोन मिनिटे थांबावे. हिमालयातल्या रस्त्यांवरही सीमा सडक संघटनेचे असे लहान लहान चौथरे दिसतात. मात्र त्याच संघटनेच्या रोजंदारी मजुरांच्या अंत्यविधीचा खर्च २०२३ पर्यंत एक हजार रुपये धरला जात होता. त्या वर्षी तो दहा हजार झाला, आणि मजुराचा देह जतन करून त्याच्या गावी पोचवण्याची तरतूदही तेव्हाच झाली. झारखंड किंवा बिहारमधून लडाखला गेलेला मजूर तेथे मेला तर घरच्यांना त्याचे तोंड पाहायला मिळावे, एवढी साधी गोष्ट स्वातंत्र्यानंतर ७६ वर्षांनी लिखित झाली.

धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला शेजारच्या जुन्या खाणीत साचलेले पाणी फोडून आत आले आणि ३७० हून अधिक कामगार बुडाले. तेथे स्मारक आहे, दरवर्षी त्या तारखेला लोक जमतात. खटल्याचा निकाल लागायला मात्र २०१२ साल उजाडले. याच धनबादच्या खाणींत डिसेंबर १९४३ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य असताना, डॉ. आंबेडकर स्वतः उतरले होते. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खात्याचा माणूस जमिनीखाली जाऊन आला की काय होते, त्याचे हे उदाहरण.

नोंदीचा प्रश्न येथे सर्वांत कठीण होतो. कारखान्यांतल्या अपघातांची देशपातळीवरची आकडेवारी केंद्राचे कारखाना सल्ला सेवा महासंचालनालय ठेवते. त्याचे मुख्यालय मुंबईत, शीवला आहे. २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत रोज सरासरी तीन कामगार मेले असे ती आकडेवारी सांगते. हे फक्त नोंदणीकृत कारखान्यांचे. बांधकाम, शेती, वीटभट्टी, गोदाम, घरकाम, ऊसतोड यांतले कोणीही त्यात नाही, आणि देशातले बहुसंख्य कामगार नेमके तेथेच आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाठीवर पंप, पुरुषभर उंचीची कपाशी, तोंडाला फार तर फडके. ते काम करताना मेले, पण कामगारांच्या अपघातांच्या कोणत्याही तक्त्यात ते नाहीत. सरकारने कुटुंबांना दोन लाख रुपये दिले.

आजाराने मेलेल्यांचे तर विचारूच नये. आयएलओच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार माणसे कामामुळे मरतात, आणि त्यातली २६ लाखांच्या आसपास अपघाताने नव्हे, कामातून जडलेल्या आजारांनी. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातले आदिवासी गोध्र्याजवळच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. काही महिन्यांची ती धूळ त्यांच्या फुप्फुसात बसली आणि ते गावी येऊन मेले. गावी मेले म्हणून क्षयाने मेले असे धरले गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ जणांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितले. संघटनांनी गावोगाव फिरून याद्या केल्या होत्या म्हणून हे झाले. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरणच आणले: आजाराचा दाखला मिळाला की तीन लाख, मृत्यूनंतर दोन लाख. पैशापेक्षा मला त्या दाखल्याचे महत्त्व जास्त वाटते, कारण त्यावर कारण लिहिलेले असते.

कारण न लिहिण्याची किंमत गटारात उतरणाऱ्यांनी सर्वांत जास्त मोजली आहे. हाताने मैला साफ करवून घेण्यावर १९९३ मध्ये बंदी आली आणि २०१३ मध्ये नवा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाचे कुटुंब शोधून दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. शोधून द्या, असे न्यायालयाला म्हणावे लागले, कारण यादी नव्हती. ती बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने आणि ठिकठिकाणच्या संघटनांनी केली. २०१५-१६ मध्ये त्यांनी देशभर १२५ दिवसांची भीमयात्रा काढली. संसदेत मात्र उत्तर येत राहिले की मैला साफ करताना कोणीही मेलेले नाही. कायद्याच्या व्याख्येत मैलासफाई वेगळी आणि गटारात धोकादायक रीतीने उतरणे वेगळे, म्हणून एका रकान्यात शून्य. त्या माणसांची जात, त्यांना कंत्राटदाराने कोणत्या दोरीवर खाली सोडले, आत कोणता वायू होता, हे सगळे त्या शून्याखाली झाकले जाते. मला या सगळ्या विषयात याहून जास्त संताप कशाचा येत नाही.

महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घर उभे राहते, हे खरे आणि मोलाचे. पण बापाच्या जागी मुलगा त्याच कामाला लागतो, आणि बाप कसा गेला हे त्या फायलीत कोठेही येत नाही.

मेलेल्यांविषयी निदान बातमी येते. हात-पाय गमावलेल्यांची आठवण कोण ठेवतो? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात कमाईची शक्ती किती टक्के गेली ते अवयवाप्रमाणे दिलेले होते. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. चार बोटे आणि अंगठा मिळून पंजा गेला तर ६०. भरपाई ठरवायला कोष्टक लागते हे मला कळते. शंभर वर्षांपूर्वी ते आले तेव्हा तो कामगारांचा विजयच होता. पण पॉवर प्रेसवर बोटे गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला लग्न, घास, पुढचे काम या सगळ्यात ते बोट आयुष्यभर लागते. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत जायबंदी झालेल्या हजारो कामगारांशी बोलून ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. हरियाणात सुरू झालेले तिचे काम आता महाराष्ट्रातही आहे. तिच्या अहवालांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: प्रेसवर सेन्सर नव्हता किंवा बंद होता, आणि अनेकांच्या हाती ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड अपघातानंतरच पडले. म्हणजे बोट तुटेपर्यंत तो कामगार कागदावर कारखान्यात नव्हताच.

ओंटारिओत १ जून हा जायबंदी कामगारांचा दिवस आहे. १९८३ मध्ये त्या दिवशी भरपाई कमी करणाऱ्या सूचनांविरुद्ध कुबड्या आणि पट्ट्या घेऊन कामगार विधानभवनावर गेले. तेव्हापासून ते दरवर्षी जातात. इटलीत ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी कामावरच्या अपघातांत सापडलेल्यांचा राष्ट्रीय दिवस असतो आणि तो जायबंदी कामगारांची स्वतःची संघटना चालवते. आठवण म्हणजे गेलेल्यांचीच, हा समज तेथे या माणसांनी स्वतः मोडला.

आपल्याकडे मोठा अपघात झाला की काही तासांत सानुग्रह मदत जाहीर होते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण मेले. बहुतेक दूरच्या राज्यांतले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटके कारखान्यात ९ जण मेले, त्यांत ६ बायका. पैसे जाहीर झाले, चौकशी समित्या नेमल्या गेल्या. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा. पहिल्या स्फोटाच्या चौकशीतून काय अमलात आले, हे दरवर्षी २६ मेला त्याच वसाहतीत उभे राहून कोणी जाहीरपणे सांगितले असते तर दुसरा टळलाच असता असे मी म्हणू शकत नाही. पण विचारणारे कोणी तरी समोर बसलेले असते.

केंद्राने चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आता त्यांतल्या एका संहितेखाली येते. तिच्यात एक चांगली तरतूद आहे: अपघातात मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मालकाला झालेल्या दंडाचा निदान अर्धा हिस्सा पीडिताला किंवा त्याच्या वारसाला द्यायला न्यायालय सांगू शकते. त्याच वेळी कारखाना म्हणायला लागणारी कामगारांची संख्या विजेवर चालणाऱ्या जागी १० वरून २० आणि विजेविना २० वरून ४० झाली आहे. मधल्या आकड्यातल्या जागा लहान, दाटीच्या आणि जास्त धोक्याच्या असतात. त्यांतल्या मरणांची नोंद आता आणखी अवघड होणार.

अपघाताची सूचना सरकारला देणे मालकावर पूर्वीही बंधनकारक होते आणि या संहितेतही आहे. म्हणजे कागद येतोच. तो कपाटात जातो. माझी मागणी स्मारकाच्या आधी या कागदाची आहे. महाराष्ट्राच्या कामगार विभागाने दरवर्षी २८ एप्रिलला एक यादी जाहीर करावी: त्या वर्षी राज्यात कामावर मेलेल्या प्रत्येकाचे नाव (घरच्यांची हरकत नसेल तर), गाव, वय, कामाचा प्रकार, कंत्राटी की कायम, मृत्यूचे कारण, भरपाई मिळाली का, आणि चौकशी कोठवर आली. कारखान्यांबरोबर बांधकाम, गटारे, शेतातली फवारणी, ऊसतोड आणि धुळीचे आजार त्यात असावेत. पहिल्या वर्षी यादी अपुरी राहील, दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायती आणि संघटना तिच्यात भर घालतील. जायबंदी झालेल्यांसाठी वेगळा भाग असावा आणि तो लिहिताना त्यांच्यातलेच कोणी असावेत. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि वर मशाल धरलेले शेतकरी-कामगार आहेत. १ मे ला सगळे राज्य तेथे जाते. त्याच्या तीन दिवस आधी ही यादी मंत्रालयात वाचली गेली, वाचायला कामगारमंत्री असले आणि ऐकायला यादीतल्यांची कुटुंबे असली, तर मागच्या वर्षीच्या यादीतल्या चौकश्यांचे काय झाले हे पहिल्या रांगेतूनच विचारता येईल.